एकच भिंग, सर्व प्रसंगी

फिल्मच्या कॅमेऱ्यास सर्व प्रसंगी उपयोगी पडेल असे एकच झूम भिंग निवडावयाचे झाल्यास ज्याचा पल्ला मोठा तेच उत्तम, असा समज सर्रास आढळतो. तो मला मान्य नाही. १९५९ साली फोइग्टलँडर कंपनीने ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी ३६ ते ८२ मिलिमीटर पल्ल्याचे ‘झूमार’ भिंग बाजारात आणले. पुढे रूढ झालेला ३५ ते ७० हा पल्लाही त्याच्याच आसपासचा आहे, आणि वाड्याचा दरवाजा व त्यात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा, दोन्ही त्यात सुखाने सामावतात.

खरी मेख आहे ती छिद्रमानात. रीळ एकदा चढविले की फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमता छत्तीसावे चित्र संपेपर्यंत कायम राहते, म्हणून ज्या भिंगाचे महत्तम छिद्र लांब टोकाला एफ ५.६ पर्यंत आक्रसते ते सायंकाळी हमखास दगा देते. शिवाय दर्शिकेच्या मध्यावरील, प्रतिमा दुभंगून दाखविणारे वर्तुळही अशा मंद भिंगामागे निम्मे काळवंडते. सबब, जड असले तरी ३.५ हे छिद्र अखेरपर्यंत कायम राखणारे भिंगच पसंत करावे.

जुने भिंग घेताना विजेरीचा झोत आरपार टाकून बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू शोधावेत (कोकणच्या दमट हवेत त्यांची बरकत फार!), आणि नळी खाली झुकवून ती आपसूक घसरते का, तेही पाहावे. बुरशी आतल्या काचांपर्यंत पोहोचली असेल, तर किंमत कितीही उतरो, सौदा करू नये.