काचेसारखा मासा आणि अंतर्रचनेचा पाठ



शरीराच्या अंतर्रचनेचा पाठ बहुधा भिंतीवरील तक्त्यावरच आटोपतो. तक्त्यातील हृदय तांबडे असते, पण ते हलत नाही. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षकास याहून चांगले साधन गावाजवळच लाभू शकते. तलावांच्या व नद्यांच्या संथ पाण्यात बोटाएवढा, काचेसारखा पारदर्शक मासा आढळतो. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील ग्रंथात या माशांच्या प्रजातीस ‘चंदा’ हे नाव दिले. (जुन्या चांदा जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकावे, मुले तो जोडल्यावाचून राहणार नाहीत.)

स्वच्छ काचेच्या पेल्यात तलावाचेच पाणी घ्यावे. जंतुनाशक घातलेल्या नळाच्या पाण्यात मासा दगावतो. पेला उजेडासमोर धरला की कण्याचे मणके ओळीने दिसतात, बरगड्याही दिसतात. पोटाचा भाग मात्र चंदेरी आवरणाने झाकलेला असतो. आतडे दिसत नाही. ते दिसते असे मुलांकडून वदवून घेऊ नये. पाठ संपताच मासा जेथून आणला तेथे सोडावा.

शास्त्रज्ञही अशाच पारदर्शकतेचा लाभ घेतात. भारतातील ओढ्यांत आढळणाऱ्या पट्टेरी ‘झेब्रा’ माशाचा गर्भ पारदर्शक असतो. अंडे फळल्यापासून सुमारे एका दिवसात त्याचे हृदय धडधडू लागते, आणि ते सूक्ष्मदर्शकातून दिसते. याच्या हृदयाच्या निलयाचा पाचवा हिस्सा काढला तरी सुमारे दोन महिन्यांत तो भरून येतो, असे 2002 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर संशोधन चालते.

चंदेरी आवरणाआडचा भाग पाहण्यासाठी जिवंत मासा वर्गात चिरण्याचे कारणच नाही. ढिवराच्या घरी विळ्यावर मोठा मासा रोजच साफ होतो. तांबडे कल्ले, त्यांच्या मागे गळ्याखाली दोन कप्प्यांचे लहानसे हृदय, यकृत, पांढऱ्या फुग्यासारखा वाताशय, सारे तेथे हाताशी असते. पित्त फुटले की मासा कडू होतो, हे त्या घरातील मुलास पुस्तकाआधीच ठाऊक असते. पित्ताशय यकृताला लागून असतो, एवढेच शिक्षकाने त्यात जोडावयाचे. एरवी मागच्या रांगेत गप्प बसणारे हेच मूल असते. त्या दिवशी विळ्याशी शिक्षकाने बाजूस उभे राहावे व त्यास बोलू द्यावे.