‘वाळलीस गं’ ते ‘सुटलीस गं’
(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वयात येणाऱ्या मुलामुलींचं ताट आणि त्यांचा आरसा. पण त्यासाठी आधी आपल्याला लांब, पॅसिफिक महासागरातल्या फिजीला जायचं आहे.

फिजीच्या विती लेवू या सर्वांत मोठ्या बेटावर पश्चिमेला नांद्रोंगा हा भाग आहे. तिथली रीत अशी की घरात पंगत बसलेली असताना दारावरून कुणी चाललं, तर आतून हाक येते, ‘माई काना’, म्हणजे ‘ये, जेवायला ये.’ जेवणात कसावा, मासे, नारळाचं दूध आणि टारो. टारो म्हणजे आपला अळूच. आपण वडीसाठी त्याची पानं घेतो, ते त्याचा कंद खातात. मुलगी अंगानं भरलेली असली की तिच्या माणसांनी तिला नीट सांभाळलंय असं गाव म्हणे. ती वाळली, तर बोल घरावर येई. भूक मेली तर त्या दुखण्याला नावही आहे, ‘माधाके’. त्यावर झाडपाल्याचं औषध देत.

ओळखीचं वाटतंय ना? माहेरी आलेल्या लेकीला आपल्याकडेही पहिलं वाक्य ऐकू येई, ‘वाळलीस गं!’ त्यात सासरला टोमणा असे आणि लेकीला माया.

नांद्रोंगात टीव्ही आला 1995 साली. हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी तिथल्या शाळकरी मुलींना खाण्याविषयीची सव्वीस विधानांची प्रश्नावली दिली. 1998 मध्ये पुन्हा तीच प्रश्नावली दिली. खाण्याशी असलेलं नातं बिघडल्याची शंका यावी इतके गुण आधी 12.7 टक्के मुलींचे होते; तीन वर्षांनी 29.2 टक्के. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी 1995 मध्ये एकही नव्हती. 1998 मध्ये हे प्रमाण 11.3 टक्के झालं. आपण जाड आहोत असं अधूनमधून तरी वाटतं, असं त्या वर्षी 74 टक्के मुलींनी सांगितलं.

आता सावकाश घेऊ. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्याही साठ-पासष्टच. एवढ्यावरून सगळा दोष टीव्हीच्या डोक्यावर फोडून घरी जाता येणार नाही. मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं ते मुली जे बोलल्या ते. त्यांना नुसतं सुंदर दिसायचं नव्हतं. मालिकेतल्या बायकांसारखी नोकरी हवी होती, तसं आयुष्य हवं होतं आणि त्या आयुष्याच्या दारातून आत जायला बारीक अंग लागतं, असा त्यांचा समज झाला होता.

पुढे 2011 मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी फिजीतल्याच 523 मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलगी स्वतः पडद्यावर किती पाहते, यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती पाहतात याचा संबंध बिघडलेल्या खाण्याशी अधिक ठळक दिसला. म्हणजे चित्र येतं पडद्यावरून, पण ते अंगाला चिकटतं माणसांच्या बोलण्यातून.

आणि इथे आपण येतो. दुसऱ्याच्या अंगावर बोलायचा परवाना आपल्या समाजानं फार पूर्वीच सर्वांना वाटून टाकलाय. लग्नाच्या हॉलमध्ये बुफेच्या रांगेत मावशी चौदा वर्षांच्या भाचीला न्याहाळते आणि म्हणते, ‘सुटलीस गं!’ मुलगी हसते, हातातला गुलाबजाम परत ठेवते. मावशीच्या मनात पाप नाही. तिच्या आजीनं ‘वाळलीस’ म्हटलं, तिनं ‘सुटलीस’ म्हटलं. काटा उलटा फिरला, परवाना मात्र तोच राहिला. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. ‘काडीपैलवान’ ऐकलेला मुलगा जिमला जातो, प्रोटीनचा डबा आणतो. घरी त्याचं कौतुकच होतं.

हे सगळं वयाचं खूळ म्हणून सोडू नका. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणंच तोडण्याचा आजार; त्यात मृत्यूचं प्रमाण मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. आपल्याकडे तर हा आजार लपवायला सोयही आहे, कारण ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. मूल पंगत टाळू लागलं, जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाऊ लागलं, चक्कर येऊ लागली, मुलीची पाळी थांबली, तर रागावू नका, शपथा घालू नका. डॉक्टरांकडे न्या आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढायला लाजू नका.

शेवटी एकच मागणं. या सुट्टीत घरी भाचरं येतील. ‘जाड झालीस’ म्हणू नका, ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असंही म्हणू नका. ‘ये, जेवायला बस’ म्हणा आणि जेवताना त्यांच्या अंगाखेरीज दुसऱ्या कशाविषयीही बोला.