बक्षीस नको, हिशेब हवा



संप, बोनस, लवाद यांवर बोलणारा माणूस प्रेमाच्या विनोदी बोलपटावर बोलणार, हे ऐकून आमच्या कचेरीत हशा पिकला. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नका.

चित्रपट १९३४ सालचा, 'इट हॅपन्ड वन नाइट'. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, पटकथा रॉबर्ट रिस्किनची. बोलपट तेव्हा उणापुरा सात वर्षांचा होता. मूकपटात प्रेम डोळ्यांनी होई. आता ते भांडून होऊ लागले. दोघे एकमेकांची झाली आहेत, हे साऱ्या थिएटराला कळे; कळत नसे ते त्यांनाच!

कोट्यधीशाची मुलगी एली बापाच्या नौकेवरून उडी टाकून पळते. न्यूयॉर्कच्या बसमध्ये तिला पीटर भेटतो. हा नोकरी गेलेला बातमीदार. दिवस मंदीचे, १९३३ साली अमेरिकेत चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. त्याच बसमध्ये एक बाई भुकेने बेशुद्ध पडते, तिचे पोर रडू लागते. हसवता हसवता काप्रा हेही दाखवून जातो.

मुलीच्या शोधासाठी बापाने दहा हजार डॉलरचे बक्षीस लावलेले. पुढे गैरसमजाने दोघांची ताटातूट होते आणि पीटर बापापुढे उभा राहतो. बापाला वाटते, हा बक्षिसासाठी आला. पीटर यादी पुढे करतो : पेट्रोल, वाटेत विकलेला कोट, टोपी, सदरे. एकूण ३९ डॉलर ६० सेंट. पायमोजेही विकले होते. ते त्याने सोडून दिले!

इथे सारे हसतात. मी मात्र खुर्चीत सरळ बसलो. एका मालकाने थकलेल्या ओव्हरटाइमऐवजी आम्हांला दिवाळीचे बक्षीस देऊ केले होते. रक्कम मागणीहून मोठी होती. आमच्यातला एक म्हातारा फिटर म्हणाला, "शेठ, बक्षीस राहू द्या. आमचे तास मोजा." बक्षीस मालकाच्या मर्जीचे, हिशेब आपल्या हक्काचा. बक्षीस घेणाऱ्याची मान वाकते, हिशेब मागणाऱ्याची ताठ राहते.

त्या यादीवरूनच बापाने जावई ओळखला. लग्नाच्या वेदीकडे जाताना तो मुलीच्या कानात हीच गोष्ट सांगतो, आणि ती नियोजित वराला सोडून धूम ठोकते.

आपल्याकडे १९५६ साली याच कथेवरून 'चोरी चोरी' निघाला. तरुणांनी दोन्ही पाहावेत. प्रेमपत्रे कशी लिहावीत, हे पुष्कळ चित्रपट शिकवतात. प्रेमात पडूनही आपला हिशेब चोख कसा ठेवावा, हे या एकाने मला शिकवले.