‘तू कुणाची?’ असं विचारणारा राजा

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी शेळ्यांना चारा टाकत असाल, कुणी शिवणयंत्रावर बसल्या असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज मी एका राजाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट महाभारतातली आहे, पण टीव्हीच्या मालिकेत सहसा दाखवत नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्यातही शांतिपर्वात ही गोष्ट आहे.

अठरा दिवसांचं युद्ध संपलं. युधिष्ठिर जिंकला, पण ज्यांच्यासोबत राज्य भोगायचं ती माणसंच उरली नव्हती. तो म्हणाला, मला राज्य नको, मी वनात जातो. भावांनी, द्रौपदीनं, कृष्णानं त्याची समजूत घातली. राज्याभिषेक झाला, तरी मन ठिकाणावर येईना. मग तो बाणांच्या शय्येवर पडलेल्या भीष्मांकडे गेला आणि प्रश्न विचारत बसला. राजानं कसं वागावं? कर किती घ्यावा? मित्र कसा ओळखावा? संकटात काय करावं? शांतिपर्वाचा बराच मोठा भाग म्हणजे या राजाचे प्रश्न आणि भीष्मांची उत्तरं.

त्यात त्याचा एक प्रश्न असा होता, की घरदार आणि राज्य न सोडता कुणी मनानं मुक्त झालंय का? बायांनो, हा प्रश्न फक्त राजाचा नाही. ‘या संसारातून डोकं वर निघेल तेव्हा शांती मिळेल,’ असं आपल्यातली प्रत्येक जण कधी ना कधी म्हणते. याचं उत्तर म्हणून भीष्मांनी सांगितली ती सुलभा आणि जनकाची गोष्ट.

मिथिलेच्या राजांना जनक म्हणत. ही मिथिला म्हणजे आजचा उत्तर बिहार आणि त्याला लागून असलेला नेपाळचा भाग. गोष्टीतल्या जनकाचं नाव धर्मध्वज. हा राजा ज्ञानी म्हणून गाजलेला. राज्य करतो, पण मनानं संन्यासी आहे, अशी त्याची कीर्ती. सुलभा ही एकटी फिरणारी भिक्षुणी. तिच्या कानावर ही कीर्ती आली. तिला वाटलं, खरं आहे का ते आपणच जाऊन पाहावं. योगाच्या बळावर तिनं सुंदर तरुणीचं रूप घेतलं आणि ती मिथिलेला आली. राजानं पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं. मग भर दरबारात तिनं योगानं राजाच्या मनात प्रवेश केला आणि तिथं दोघांचं बोलणं सुरू झालं.

राजानं पहिल्यांदा काय विचारलं असेल? तू कोण? कुणाची? कुठून आलीस? कुठं जाणार?

मग त्यानं स्वतःबद्दल सांगितलं. पंचशिख नावाच्या थोर गुरूंनी मला शिकवलंय. माझ्या एका हाताला कुणी चंदन लावलं आणि दुसरा हात कुणी तोडला, तरी मला दोन्ही सारखंच. आणि हे बोलून झाल्यावर त्याच तोंडानं तो तिच्यावर घसरला. तू तरुण आहेस, देखणी आहेस, तू कसली संन्यासिनी? तुझी जात कुठली, गोत्र कुठलं? नवरा जिवंत असेल तर तू परस्त्री. मला हरवायला आलीस का? दुसऱ्या कुठल्या राजानं हेर म्हणून पाठवलंय का?

हात तुटला तरी ज्याला फरक पडत नव्हता, त्याला एक बाई समोर येऊन उभी राहिली तर केवढा फरक पडला!

महाभारत सांगतं की एवढं ऐकूनही सुलभा डगमगली नाही. ती चिडली नाही, रडली नाही, उलटून शिवी दिली नाही. तिनं बोलायला सुरुवात केली, आणि आधी सांगितलं की बोलावं कसं. आपल्या गटांना पंचसूत्री तोंडपाठ असते ना? तशी सुलभेची बोलण्याची पंचसूत्री आहे. बारकावा हवा, मुद्दे मोजून हवेत, त्यांना क्रम हवा, शेवटी निर्णय हवा आणि बोलण्याला कारण हवं. पुढं ती म्हणते, मी रागानं बोलणार नाही, भीतीनं नाही, लोभानं नाही, लाजून नाही, गर्वानं नाही आणि केविलवाणी होऊनही नाही. आणखी एक गोष्ट ती सांगते. समोरच्याचा विचार न करता आपलंच रेटणारा चुकतो, आणि समोरच्याला खूश करायला आपला मुद्दा सोडून देणाराही चुकतो. ग्रामसभेत उठून बोलायचं असेल तर यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मी तरी पाहिलेलं नाही.

मग ती राजाच्या प्रश्नाकडे वळली. तू कुणाची, कुठून आलीस, असं विचारतोस. अरे राजा, लाख आणि लाकूड चिकटावं, धुळीला पाण्याचे थेंब मिळावेत, तशी ही सगळ्यांची शरीरं घडलेली. दिव्याची ज्योत जशी क्षणाक्षणाला बदलते, तसं शरीरही बदलतं. त्यात माझं काय आणि तुझं काय? तू स्वतःमध्ये आत्मा पाहतोस, मग तोच माझ्यात का दिसत नाही? खरोखर मुक्त असतास, तर तू कुणाची हा प्रश्न तुला पडलाच नसता.

आणि राजेपणाचं म्हणशील तर ऐक. सगळी पृथ्वी तुझी म्हणतोस, पण राहतोस एका नगरात. त्या नगरातल्या एका वाड्यात. त्या वाड्यातल्या एका पलंगावर. आणि तो पलंगही अर्धा राणीचा! झोपावं म्हटलं तर कामं घेऊन आलेली माणसं झोपू देत नाहीत. आंघोळ करा, जेवा, हे ऐका, ते बोला, असं सगळं दुसरेच तुझ्याकडून करून घेतात. मग तू स्वतंत्र कुठं आहेस?

शेवटी तिनं आपली ओळखही सांगितली. ती राजर्षीच्या कुळातली क्षत्रिय मुलगी. जोगता नवरा मिळाला नाही, म्हणून मोक्षधर्म शिकली आणि एकटी फिरू लागली. ती म्हणाली, रिकाम्या घरात भिक्षुकानं एक रात्र काढावी, तशी मी तुझ्या शरीरात रात्र काढीन आणि उद्या निघून जाईन. राजा यावर काहीच बोलला नाही. गोष्ट तिथंच संपते.

मला या गोष्टीत एक फार आवडतं. युधिष्ठिर हा चक्रवर्ती राजा, उत्तर देणारे भीष्म म्हणजे सगळ्यांचे पितामह, आणि त्यांनी राजासमोर कुणाला उभं केलं? घर नसलेल्या, नवरा नसलेल्या, एकट्या फिरणाऱ्या एका बाईला. राजानं शहाणपण कुणाकडून घ्यावं, याचं उत्तर त्यातच आलं. घर सोडलं की नाही, राज्य सोडलं की नाही, हा मुद्दा माझ्या मते दुय्यम आहे. आपल्यापेक्षा कमी ताकदीचं माणूस प्रश्न घेऊन दारात येतं, तेव्हा आपण त्याचा प्रश्न ऐकतो की त्याचं कूळ विचारतो, तिथं परीक्षा होते.

‘तू कुणाची?’ हा प्रश्न आपण जन्मभर ऐकलेला आहे. दाखला काढायला गेलं की, ‘कुणाच्या घरच्या?’ बँकेत गेलं की, ‘मालक कुठं आहेत?’ ग्रामसभेत पाण्याबद्दल विचारलं की, ‘हिला कुणी पाठवलं?’ हा तर जनकाचाच हेर असल्याचा आरोप झाला.

पण मैत्रिणींनो, आता राजे फक्त दुसरे नाहीत. १९९३ पासून पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. गटाच्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आपणच आहोत. कर्ज कुणाला द्यायचं, हे आपल्या ठरावानं ठरतं. सतरंजीवर बसलेलं का होईना, हे राज्यच आहे.

एका गटाच्या बैठकीत एका विधवा ताईनं दोन शेळ्यांसाठी दहा हजार रुपये मागितले. चार वर्षांत तिची एकही बचत चुकलेली नव्हती. पण पहिला प्रश्न आला, ‘तुझ्यामागे कोण आहे?’ दुसरा आला, ‘उद्या माहेरी निघून गेलीस तर?’ कुणी वाईट मनानं विचारलं असं नाही. पैसा दहा जणींचा होता, काळजी रास्तच होती. पण आदल्याच महिन्यात दुसरीनं कर्ज मागितलं होतं. तिचे दोन हप्ते थकलेले होते, तरी तिला हे प्रश्न झाले नव्हते, कारण तिच्यामागे नवरा होता. ती विधवा ताई शांतपणे म्हणाली, ‘माझं पासबुक बघा.’ मग सांगितलं, शेळ्या केवढ्याला मिळतात, चारा कुठला, हप्ता किती आणि कधीपासून. तिनं सुलभेचं नाव ऐकलेलं नसणार, पण बोलली अगदी तिच्यासारखी. एक म्हातारी सभासद म्हणाली, ‘अगं, वही बघा, कुंकू काय बघताय?’ ठराव झाला आणि कर्ज मंजूर झालं.

जनकाला जे सांगावं लागलं, तेच आपल्यालाही लागू आहे. अध्यक्षाची खुर्ची अध्यक्षाची नसते. ती दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकणाऱ्या बायांवर उभी असते. त्यांच्यातली सगळ्यात एकटी बाई बोलायला उठली, तर तिला आधी पूर्ण बोलू द्यायचं. चौकशी करायचीच, पण ती कामाची आणि वहीची करायची, आणि सगळ्यांना सारखीच.

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करून बघा. कर्जाचा अर्ज आला की आधी विचारायचं, ‘कशासाठी हवंय आणि कसं फेडशील?’ ‘तुझ्यामागे कोण आहे?’ हा प्रश्न कुणी काढलाच, तर गटानं उत्तर द्यायचं, ‘आम्ही आहोत.’ आणि तसं इतिवृत्तात लिहायचं.