ट्यूब खाली ठेवा



 आपलं हे डॉक्टरांचं संमेलन खरवईत भरतंय याचा मला विशेष आनंद आहे, कारण माझी सगळी प्रॅक्टिस बदलापूरच्या याच अंगाला झाली.  

मला दिलेला विषय 'आहार, जीवनशैली आणि त्वचेची सौम्य निगा'. अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो घेते, पण थोडक्यात. एक गोष्ट मला फार वर्षांपासून बोलायची आहे आणि आज माईक माझ्या हातात आहे.

सकाळच्या सत्रात दुधाने मुरमं येतात की नाही यावर बरंच रण माजलं. माझं उत्तर दवाखान्यातलं आहे. जिममध्ये जाणारी पोरं पाठभर पुटकुळ्या घेऊन येतात. औषध लिहिण्याआधी मी विचारते, "पावडर कुठली घेतोस?" दुधापासूनच बनणारं व्हे प्रोटीन बंद केलं की दोन-तीन महिन्यांत बऱ्याच जणांची पाठ निवळते. घरचा कपभर चहा-दूध मी कुणाचं तोडलेलं नाही. कोलॅजेनच्या महागड्या पुड्यांवर पैसे घालवण्यापेक्षा डाळ, अंडं, सुकट, नाचणीची भाकरी खा, एवढंच सांगते. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की आदिवासी बायका टाकळा घेऊन बसतात. त्याचा पाला गजकर्णावर चोळावा की नाही, हा दुसरा वाद. भाजी जरूर खा, चोळू नका. असंच लसणाचं वाटण लावून भाजलेली मांडी मी पाहिली आहे, आणि ती भरून यायला मूळ रोगापेक्षा जास्त वेळ लागला.

साबणाचंही तसंच. निरोगी त्वचेचा पीएच पाचच्या आसपास असतो, साध्या साबणवडीचा नऊ-दहा. म्हणून काखा, जांघा, पाय, एवढ्यापुरता साबण पुरे. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच हातापायांना खोबरेल लावा. आढावा संपला.

आता त्या एका गोष्टीबद्दल, मलमाच्या ट्यूबबद्दल.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणारा एक तरुण माझ्याकडे आला. कंबरेपासून मांड्यांपर्यंत गजकर्ण, कडा पुसट, मध्येच लाल ठिपके, जांघेत कातडीवर फाटल्यासारखे पट्टे. ते पट्टे आयुष्यभर राहणार. त्याने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. सगळ्या ट्यूब खालून गुंडाळत आणलेल्या, दोन तर कात्रीने कापून आतलं मलम बोटाने निपटून काढलेलं. प्रत्येकीत तेच मिश्रण: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासोल, म्हणजे सर्वांत तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. एकही ट्यूब डॉक्टरने दिलेली नव्हती. पाठोपाठ त्याची बायको आणि कडेवर मूल, दोघांच्याही अंगावर तेच. टॉवेल एक, अंथरूण एक, ट्यूबही एकच.

स्टिरॉइडने पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणसाला वाटतं, गुण आला. त्या वेळी खाली बुरशी निवांत वाढत असते, कारण तिच्याशी लढणारी शरीराची यंत्रणाच आपण झोपवलेली असते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळतं, म्हणून तो पुन्हा दुकानात जातो. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा टर्बिनाफिनच्या दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जे गजकर्ण जायचं, ते आज महिनोन् महिने हटत नाही. या हट्टी बुरशीला 2020 साली जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद केली. आपल्या देशाचं नाव एका गजकर्णाला लागून जगभर फिरतंय, याची मला लाज वाटते आणि रागही येतो.

अशीच स्टिरॉइडची ट्यूब चेहऱ्यावर येते तेव्हा तिचं नाव 'गोरं होण्याची'. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं मिश्रण असतं. वांगावर आम्ही ते मोजके आठवडे, नजर ठेवून देतो. मुली वर्षानुवर्षं लावतात. मग उन्हात पाऊल टाकलं की चेहरा भाजतो, गालांवर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, हनुवटीवर लव वाढते. नवऱ्यामुलाकडचे बघायला येणार म्हणून सुरू केलेली ट्यूब लग्नानंतरही सोडवत नाही. 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' क्रीम बाजारात आलं, 2020 मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' गेला. आपल्या घरातून तो कधी जाणार? पत्रिकेच्या आधी रंग विचारणाऱ्या आया-मावश्या माझ्यासमोरच्याच खुर्चीत बसतात. मी त्यांना तोंडावर सांगते, मुलीला काहीही झालेलं नाही.

आणि बिननावाच्या डब्या तर त्याहून भयंकर. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना पार्लरमधून घेतलेलं क्रीम लावून मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. 2023 मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं. दोन दिवस चर्चा झाली, नंतर सगळं पूर्ववत.

स्टिरॉइडच्या ट्यूबवर कायदा नाही असं नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. आज संध्याकाळी इथून बाहेर पडा आणि कुठल्याही दुकानात मागून बघा. चिठ्ठी विचारली तर मला कळवा. दुकानदारांवर सगळं ढकलून आपण मोकळे होऊ नये. "मॅडम, रविवारी हळद आहे" म्हटल्यावर पटकन गुण दाखवण्यासाठी आपल्यातलेही काही जण हीच ट्यूब लिहितात, आणि ती किती दिवस लावायची ते लिहीत नाहीत. पेशंट ती चिठ्ठी लॅमिनेट केल्यासारखी जपून ठेवतो आणि शेजाऱ्यालाही देतो.

त्या शिलाईवाल्याला मी काय सांगितलं? सगळ्या ट्यूब इथेच टाक. घट्ट जीन्स घालून गर्दीच्या लोकलमध्ये दीड तास घामाने भिजू नकोस, सैल सुती विजार घाल. पावसात कपडे वाळत नाहीत, तर चड्डी इस्त्री करूनच चढव. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. गोळ्या तिघांनाही, खाज थांबल्यावरसुद्धा मी सांगेपर्यंत. पहिले पंधरा दिवस त्याने मला शिव्याच दिल्या असतील, कारण खाज उसळली होती. पण तो टिकला. असे टिकणारे कमी असतात, कारण त्यांना समजावायला अर्धा तास लागतो आणि बाहेर रांग उभी असते. मी तो अर्धा तास देते, तुम्हीही द्या.

पुढच्या वर्षात औषध दुकानदारांच्या मंडळींना बोलावून एकदा समोरासमोर बसायचं आहे. पार्लर चालवणाऱ्या भगिनींसाठी एक सत्र, शाळांसाठी मराठीत एक पत्रक, अन्न व औषध प्रशासनाला निवेदन, हेही करायचं आहे. कुणी कुठलं काम घ्यायचं ते जेवणानंतर ठरवू. पत्रकाचा मसुदा मी लिहीन. ज्यांच्याकडे बिघडलेल्या चेहऱ्यांचे फोटो आहेत, त्यांनी पेशंटची परवानगी घेऊन, ओळख झाकून मला द्यावेत.