जवसाचं तेल : घाण्यापासून ताटापर्यंत



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण आपल्या ग्रुपवर सध्या जास्त चर्चा आहे ती जवसाच्या तेलाची. त्यातले दोन प्रश्न थेट माझ्याकडे आले. एका मैत्रिणीने विचारलं, “बीपीची गोळी बंद करून हे तेल सुरू केलं तर चालेल का गं?” आणि गावातच शेती करणाऱ्या एका मित्राने विचारलं, “चारठाण्यात घाणा टाकावा का?” मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण एखादी गोष्ट चालते कशी, हे मुळापासून वाचायची सवय आहे. म्हणून आज या दोन प्रश्नांवरच बोलते.

जवस आपल्याला नवीन नाही. रब्बीत हरभऱ्याच्या कडेने दोन काकऱ्या जवस असायचं. सकाळी निळी फुलं उमलायची, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. घरी भाकरीबरोबर जवसाची चटणी, आणि फोडणीला मात्र करडईचं तेल. जवसाचं तेल आपल्या वर्गातली मुलं वापरायची ती बॅटला पाजायला! हसू नका, सगळं उत्तर त्या बॅटमध्येच आहे.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हेच ते ओमेगा-३. शरीराला ते लागतं, पण स्वतः बनवता येत नाही. करडईच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. या आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, आणि हे बंध हवेतला ऑक्सिजन पटकन धरतात. म्हणून बॅटवर लावलेलं तेल सुकून त्याचा पातळ थर बनतो. याच गुणामुळे रंग, व्हार्निश आणि लिनोलियम बनवायला जगभर हे तेल वापरलं गेलं. बाटलीतही तेच घडतं, तिथे आपण त्याला खवट होणं म्हणतो. म्हणजे ज्या गुणासाठी हे तेल प्यायचं, त्याच गुणामुळे ते लवकर बिघडतं.

आता घाण्याचा प्रश्न. बियात साधारण ४० टक्के तेल असतं. लाकडी घाण्यात ते सगळं निघत नाही, बरंच पेंडीत राहतं. बी स्वच्छ आणि नीट वाळलेलं हवं, गाळताना तापू द्यायचं नाही. तेल निवळू द्यायचं, गाळायचं आणि गडद काचेच्या लहान बाटल्यांत काठोकाठ भरायचं. अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच. करडई किंवा शेंगदाण्याचं तेल दुकानात महिनोन्‌महिने राहतं, हे राहत नाही. म्हणून मित्राला माझं सांगणं असं : घाणा टाकायचा तर करडई-शेंगदाण्याच्या भरवशावर टाक, जवस मागणी येईल तसं ताजं काढून दे. पेंड जनावरांना जाते, तीही हिशेबात धर. बियाण्यासाठी लांब जायला नको, लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचं ‘लातूर जवस-९३’ हे वाण आपल्याच भागासाठी आहे.

आता गोळीचा प्रश्न. कॅनडातला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी एका गटाला सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी भरला. आकडा मोठा आहे. पण दोन गोष्टी पाहा. त्यांना दिलं ते बी होतं, तेल नव्हे. आणि जवस हे त्यांच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला होतं, औषधांच्या जागी नव्हतं. जवसातला चोथा आणि लिग्नन हे घटक घाण्यात पेंडीबरोबर निघून जातात, बाटलीत येत नाहीत.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर आहे : गोळी बंद करू नकोस. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत. अचानक गोळी सोडली आणि दाब चढला, तर तो सांगून चढत नाही. जवस खायला लागल्यावर दाब खाली आला, तर गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल त्यांनी तर आधी विचारूनच घ्यावं.

तेल घ्यायचंच असेल तर लहान बाटली आणा, फ्रिजमध्ये ठेवा, रोज एखादा चमचा वरणावर किंवा चटणीवर कच्चंच घ्या. फोडणी-तळण त्यात नको. कडू लागलं की टाकून द्या. आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, लाकडाला लावायचं तेल चुकूनही खाऊ नका, त्यात सुकवणारी रसायनं मिसळलेली असतात.

पण खरं सांगू? एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम दळलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं. अमेरिकेत ठरवलेली रोजची गरज बाईला १.१ आणि पुरुषाला १.६ ग्रॅम आहे. म्हणजे चटणीच्या त्या एका चमच्यात जवळपास दिवसाची सोय झाली, वर चोथाही मिळाला. अख्खं बी पचत नाही, तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटूनच खायचं. थोडं थोडं, आठवड्यापुरतं कुटायचं आणि वर पाणी भरपूर प्यायचं. महागड्या बाटलीची वाट पाहायला नको. येत्या रब्बीत ज्यांचं शेत आहे त्यांनी दोन काकऱ्या पेराव्यात, आणि पुण्या-मुंबईच्या आम्हा मंडळींसाठी किलोभर बी बाजूला ठेवावं. पैसे देऊन नेऊ!