डव्हटेल सांध्यासाठी राउटरची निवड

(सुतारकाम शिक्षकांपुढे केलेले भाषण)

शाळेच्या कार्यशाळेसाठी टेबलाखाली बसवावयाचा राउटर घेताना केवळ किमतीकडे पाहू नये. डव्हटेलचे पाते टोकाशी रुंद व मानेशी अरुंद असते. त्यामुळे खाच टप्प्याटप्प्याने खोल करता येत नाही. पूर्ण खोली एकाच फेरीत कापावी लागते. हा ताण सोसण्यासाठी 6 ऐवजी 12 मिलिमीटर जाडीचा दांडा धरणारा, टेबलावरूनच उंची साधता येणारा राउटर निवडावा. मधले लाकूड आधी सरळ पात्याने काढावे.

याहून महत्त्वाचा आहे स्विच. गेलेली वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. दरपत्रक मागवितानाच ही अट लिहावी. वाचविलेल्या रुपयांचे मोल विद्यार्थ्यांच्या बोटांनी चुकते होऊ नये.